पट्टी कुणाची खरी? डीजे सॉफ्टवेअर आणि कान यांच्या पडताळणीच्या नोंदी

३ जून

सुरुवात धाकट्या भावाच्या तक्रारीने झाली. तो सेट वाजवतो, मी कोड लिहिते. परवा त्याने दोन ट्रॅक एकावर एक लावून ऐकवले. सॉफ्टवेअरने एकाला ९ए दिलं होतं, दुसऱ्याला १०ए. कॅमेलॉट चक्रावर (डीजेंसाठी पट्ट्यांना घड्याळासारखे दिलेले बारा आकडे, पुढे ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर) हे दोघे शेजारी, म्हणजे निर्धास्त मिसळावेत असे. प्रत्यक्षात ते एकमेकांचे सूर खात होते. “ताई, बीट पक्की जुळलीय, मग हे इतकं बेसूर का?”

कीबोर्ड घेऊन बसलो. पहिला ट्रॅक ए मायनर निघाला, म्हणजे ८ए. दुसरा एफ शार्प मायनर, म्हणजे ११ए. सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकेका पायरीने चुकलं होतं, आणि चुका एकमेकांच्या दिशेने झाल्या होत्या. स्क्रीनवर एका पायरीचं दिसणारं अंतर खरं तीन पायऱ्यांचं होतं. ए मायनरमध्ये सी, एफ आणि जी साधे, तर एफ शार्प मायनरमध्ये हे तिन्ही शार्प. सातातले तीन स्वर भांडणार असतील तर बीट जुळवून काय उपयोग?

यातली प्रत्येक चूक सुटी पाहिली असती तर “जवळपास बरोबर” म्हणून सोडून दिली असती. म्हणून हा प्रकल्प. त्याच्या संग्रहातले शंभर ट्रॅक, त्यांना कानाने लावलेल्या पट्ट्या, तीन सॉफ्टवेअर आणि माझी एक स्क्रिप्ट. सॉफ्टवेअरना क, ख आणि ग म्हणेन. कुणाला नापास करायचं नाहीये, चूक कुठे आणि का होते ते समजून घ्यायचंय.

एक शब्द ठरवून टाकते. सगळे डीजे “की” म्हणतात, पण लिहिताना तो वाक्यातल्या “की”त मिसळून जातो. इथे “पट्टी” लिहीन. गाणाऱ्यांच्या बोलण्यात पट्टी म्हणजे फक्त आधारस्वर, माझ्या नोंदीत आधारस्वर आणि मेजर-मायनर दोन्ही मिळून पट्टी. अशा एकूण २४.

५ जून

क्रम पक्का केला: आधी कान, मग सॉफ्टवेअर. स्क्रीनवर ८ए दिसलं की कानही ८ए ऐकायला लागतो, हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय. म्हणून भावाने फाइलींची नावं बदलून आकडे टाकले आणि आतले टॅग पुसून दिले.

पद्धत साधी आहे. ट्रॅक लावायचा, अचानक थांबवायचा, आणि त्या शांततेत जो स्वर आपोआप गुणगुणला जातो तो कीबोर्डवर शोधायचा. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटाकडे असं तीनदा. तिन्ही वेळा तोच स्वर आला तर तो आधारस्वर. मग त्यावर कोमल गंधार लावून बघायचा, नंतर शुद्ध. एक बसतो, एक बोचतो. दोन्ही बसले किंवा दोन्ही बोचले तर प्रश्नचिन्ह.

एका ट्रॅकला सरासरी पाच मिनिटं जातात. तासाभरानंतर कान बोथट होतात, त्यामुळे दिवसाला दहाच्या पुढे जायचं नाही असं ठरवलंय.

१५ जून

शंभर झाले. पहिले तीस पुन्हा लावले, आधीचा कागद न बघता. चार ठिकाणी माझंच माझ्याशी जुळलं नाही. दोन ठिकाणी मी एकदा ए मायनर लिहिलं होतं आणि एकदा सी मेजर. एका ठिकाणी पंचमाला आधारस्वर समजले होते. चौथ्यात नुसता ढोल-ताशासारखा ठेका आणि वर एक शिट्टीसारखा आवाज, पट्टी म्हणावी असं काहीच नाही.

कागद बाजूला ठेवून यावर बराच विचार केला. “सॉफ्टवेअर इतके टक्के बरोबर” असं कुणी म्हणतं तेव्हा त्या टक्केवारीच्या मागे अशीच कुणाच्या तरी कानाने केलेली यादी असते. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावर काम करणारे संशोधक २०१५ साली प्रसिद्ध झालेला जायंटस्टेप्स नावाचा संच वापरतात. त्यात प्रत्येकी दोन मिनिटांचे ६०४ तुकडे आहेत, आणि त्यांच्या पट्ट्या बीटपोर्ट या डीजेंच्या ऑनलाइन संगीत-दुकानातल्या श्रोत्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांमधून आल्या आहेत. काम मोलाचं आहेच. पण तिथेही प्रत्येक तुकड्याला एकच पट्टी आहे, आणि बहुतेक मायनर आहेत. अशा संचावर जी पद्धत अडल्यावर मायनर म्हणते तिचे गुण आपोआप वाढतात. तिची चूक नेमकी त्या थोड्या मेजर ट्रॅकवर पडते.

१७ जून

गुण कसे द्यायचे? एमआयरेक्स या संगीत-विश्लेषणाच्या प्रोग्रामांसाठी २००५ पासून असलेल्या चाचणीची पद्धत घेतली. अचूक उत्तराला १, पंचमाच्या अंतरावरच्या (म्हणजे चक्रावर शेजारच्या) पट्टीला ०.५, सापेक्ष (तेच सात स्वर असलेल्या) मेजर-मायनरला ०.३, त्याच आधारस्वरावरच्या उलट प्रकाराला ०.२, बाकी शून्य.

डीजेच्या कामासाठी हे वजन मला पटत नाही. ए मायनरला सी मेजर म्हटलं तर कॅमेलॉटवर ८एच्या जागी ८बी होतं. स्वर सातही तेच, मिसळताना काही बिघडत नाही, आणि त्याला ०.३. पंचमाच्या चुकीला मात्र ०.५, आणि ३ तारखेचा गोंधळ अशा दोन अर्ध्या गुणांच्या उत्तरांनीच घातला होता. ए मायनरला ए मेजर म्हटलं तर ८एचं ११बी होतं, तीन स्वर बदलतात, ती सर्वांत वाईट चूक. म्हणून एमआयरेक्सचा आकडा नावापुरता काढीन, पण प्रत्येक चुकीपुढे तिचा प्रकार लिहीन. पुढचं सगळं काम त्या रकान्यावर चालेल.

१९ जून

स्क्रिप्ट लिहिली. पायथन आणि त्यातली ध्वनी तपासायची लायब्ररी लिब्रोसा. मूळ कल्पना जुनीच आहे: ट्रॅकमधली सगळी ऊर्जा बारा स्वरांच्या बारा डब्यांत टाकायची, सप्तक विसरायचं, आणि त्या बारा आकड्यांचा आराखडा २४ पट्ट्यांच्या नमुन्यांशी ताडून बघायचा. ज्याच्याशी सर्वांत जास्त जुळेल ती पट्टी.

नमुने क्रुमहान्सल आणि केसलर यांचे, १९८२ चे. त्यांनी श्रोत्यांना आधी पट्टीचा अंदाज येईल असं काही ऐकवलं, मग एकच स्वर वाजवून विचारलं, हा किती बसतो? १ ते ७ मध्ये गुण द्या. मेजरमध्ये षड्जाला ६.३५, पंचमाला ५.१९, शुद्ध गंधाराला ४.३८, कोमल ऋषभाला २.२३. हे आकडे बघून मला फार बरं वाटलं, कारण ते माणसांच्या कानातून आलेले आहेत. पुढे २०११ मध्ये इब्राहिम शाथ यांनी कीफाइंडर या पट्टी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आणि २०१६ मध्ये आंखेल फराल्दो व सहकाऱ्यांनी नृत्यसंगीतासाठी वेगळे नमुने केले. ते नंतर लावून बघेन.

आज एकच प्रयोग. कीबोर्डवरच्या सातही पांढऱ्या बटणांचे स्वर अगदी समान वजनाने दिले. आधार कुठलाच नाही. उत्तर: सी मेजर ०.७५६, ए मायनर ०.७१२, जी मेजर ०.६७७. फरक ०.०४४. ज्या आवाजात कुठल्याच स्वराला विसावा नाही त्यालाही स्क्रिप्टने ठामपणे ८बी म्हटलं. मग नुसता पांढरा गोंगाट दिला. त्यालाही पट्टी मिळाली. दुसऱ्यांदा नवा गोंगाट तयार केला, वेगळी पट्टी मिळाली.

चोवीस जणांत पहिला कोणीतरी येणारच. तो कितीने पहिला आला हे स्क्रिप्टकडे असतं, पण क, ख, ग यांपैकी कुणीच ते पडद्यावर दाखवत नाही. आजपासून माझ्या स्क्रिप्टच्या निकालात पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरातलं अंतर हा रकाना कायमचा.

२२ जून

ट्रॅक १७. आज जवळजवळ पूर्ण दिवस यावर गेला.

कानाला हा ए मायनर. भावालाही. शंकेला जागा नाही. पण क आणि ग म्हणतात ए मेजर, माझी स्क्रिप्टही तेच म्हणते. ट्रॅकमध्ये आहे काय? ए वर ठाण मांडून बसलेला करवती तरंगाचा जाड बेस, ठेका, आणि दर आठ बारनंतर (एक बार म्हणजे चार बीट) एक छोटा कॉर्ड, ज्यात सी आहे. तो कॉर्ड म्हणजे अर्ध्या श्वासाचा. पण त्या एका फटकाऱ्याने कानाला सगळं कळतं, आणि पुढचे आठ बार कान तो सी मनात धरून ऐकतो.

मग शुद्ध गंधार, म्हणजे सी शार्प, येतो कुठून? कुणी वाजवलेला नाही. संशय बेसवर गेला. संगणकावर एकच ए, करवती तरंगात, दुसरं काहीही न मिसळता तयार केला. त्यातले उपस्वर (मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले आवाज) मोजले. पहिला, दुसरा, चौथा, आठवा हे सगळे ए. तिसरा आणि सहावा ई. पाचवा आणि दहावा सी शार्प. करवती तरंगात प्रत्येक उपस्वराची उंची त्याच्या क्रमांकाने भागलेली, म्हणून पहिल्या दहांत ए च्या डब्यात १.८७५, ई च्या डब्यात ०.५, सी शार्पच्या डब्यात ०.३. सी च्या डब्यात शून्य. नमुन्यांशी ताडल्यावर ए मेजर ०.८१, ए मायनर ०.७१.

एकटा स्वर, आणि तो स्वतःच मेजरच्या बाजूने मत देतो. तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो असं म्हणतात तो हाच पाचवा उपस्वर. कान त्याला आवाजाचा पोत समजून सोडून देतो, डबा त्याला वाजवलेला स्वर समजून मोजतो.

उपाय म्हणून स्क्रिप्टमध्ये उपस्वरांचं वजन कापलं: एखाद्या डब्यात ऊर्जा दिसली तर तिच्या तिप्पट आणि पाचपट कंप्रतेवरून ठराविक वाटा वजा करायचा. ट्रॅक १७ सुटला. पण ट्रॅक ५८ मध्ये खरोखर वाजणारा शुद्ध गंधार त्यात पुसला गेला आणि मेजरचा मायनर झाला. वजाबाकी निम्म्यावर आणली. दोन्ही आता बरोबर येतात, पण ५८ मधलं अंतर इतकं कमी आहे की मी त्याला पिवळी खूण केली.

२५ जून

खालच्या स्वरांची अडचण. सर्वांत खालचा ई ४१.२० हर्ट्झ, त्याच्या वरचा एफ ४३.६५. मध्ये अडीच हर्ट्झही नाहीत. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असलेल्या ध्वनीत ४,०९६ सॅम्पलची खिडकी घेतली तर एक कप्पा १०.७७ हर्ट्झचा पडतो, म्हणजे ई, एफ, एफ शार्प तिन्ही एकाच कप्प्यात. ३२,७६८ ची खिडकी घेतली तर कप्पा १.३५ हर्ट्झचा, पण खिडकी ०.७४ सेकंदांची. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ बीट) एक बीट ०.४७ सेकंदाची असते. तेवढ्यात बेस पुढच्या स्वरावर गेलेला असतो.

कॉन्स्टंट-क्यू रूपांतर घेतलं, खाली लांब खिडकी, वर आखूड. सुधारणा झाली, पण चालत्या बेसलाइनचं धूसर होणं काही पूर्ण जात नाही.

२६ जून

किकचा, म्हणजे ठेक्यातल्या खर्जाच्या ढोलाचा, प्रयोग, थोडक्यात. ठेका वेगळा काढून फक्त स्वरांचा भाग तपासला. छोट्या, टणक किकच्या ट्रॅकमध्ये फायदा झाला. ८०८ ड्रम मशीनच्या लांब शेपटीच्या किकमध्ये नाही. ती शेपटी म्हणजे सरळ एक स्वरच असतो, आणि तो ट्रॅकच्या पट्टीशी जुळवलेला असेलच असं नाही.

३० जून

आज भावाने विनाइलवरून घेतलेले काही ट्रॅक आणले. “ताई, हे दोन्ही ८ए आहेत. तू पण ८ए लिहिलंयस. तरी एकत्र लावले की आंबट लागतात.”

खरंच लागत होते. दोघांतले लांब ए वेगळे काढले. एक २२० हर्ट्झच्या आसपास, दुसरा २२५ च्या थोडा वर. फरक ४० सेंटचा (एका अर्धस्वरात शंभर सेंट), म्हणजे अर्ध्या अर्धस्वराहूनही थोडा कमी. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पाच वेळा थरथर ऐकू येते. हेडफोनमध्ये डोळे मिटून ती मोजता येते. कधीतरी कुणीतरी टर्नटेबलचा वेग थोडा वाढवून ते रेकॉर्डिंग केलं असणार.

गणित असं. वेग ५.९५ टक्के वाढला की सगळं एक अख्खा अर्धस्वर वर जातं. २.९३ टक्क्यांवर ते बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकतं. माझाच बनवलेला ए मायनरचा तुकडा अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने वाढवत गेले. अडीचपर्यंत सगळे ए मायनर म्हणतात. तीनच्या आसपास क आणि ख वेगवेगळी उत्तरं देतात, साडेतीननंतर सगळे ए शार्प मायनर. इथे कुणालाच दोष देता येत नाही, कारण तीन टक्क्यांवर दोन्ही उत्तरं सारखीच अर्धी आहेत. पण ४० सेंट चढलेला ट्रॅक नुसताच ८ए म्हणून यादीत बसतो, आणि डीजेला मिसळेपर्यंत कळत नाही, हे मात्र खटकतं. स्क्रिप्टने ४४० हर्ट्झच्या प्रमाण ए च्या तुलनेत किती सेंटचा फरक आहे ते आधीच मोजलेलं असतं. ते फेकून देण्याऐवजी निकालात छापायला लावलं.

भावाला हा एक रकाना सगळ्यांत जास्त आवडला. पिच फेडर (वेग कमीजास्त करणारा सरकता खटका) थोडा खाली ओढून त्याने ते दोन ट्रॅक लगेच जुळवून दाखवले. थरथर थांबली तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही, फक्त ऐकत राहिलो.

४ जुलै

ट्रॅकला एकच पट्टी का असावी?

आयडी३ टॅगचं, म्हणजे ध्वनी-फाइलीत ट्रॅकची माहिती साठवायच्या पद्धतीचं, मूळ वर्णन काढून वाचलं. टीकेईवाय या चौकटीची व्याख्या आहे: ध्वनी ज्या पट्टीत सुरू होतो ती. सुरू होतो ती! आणि पट्टीच नसेल तर काय लिहायचं याचीही सोय आहे: नुसतं “ओ” हे अक्षर. क, ख, ग मी महिनाभर वापरतेय, “ओ” एकदाही दिसलेला नाही. माझ्या प्रश्नचिन्हवाल्या सगळ्या ट्रॅकना त्यांनी काही ना काही पट्टी दिली आहे.

डीजेच्या दृष्टीने विचार केला तर एका ट्रॅकचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर बसतो. १२८ बीपीएमला ३२ बार म्हणजे नेमकी ६० सेकंदं. मिसळण्याचं बरंचसं काम त्या मिनिटात होतं. म्हणून स्क्रिप्ट आता पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट वेगवेगळं तपासते. बहुतेक ट्रॅकमध्ये दोन्ही उत्तरं सारखी आली. पण काहींत पहिल्या मिनिटात नुसता ठेका होता, म्हणजे तिथे “ओ” लिहायला हवं, आणि तिथे कुठलाही ट्रॅक बसतो. ही माहिती एकाच पट्टीच्या शिक्क्याखाली दबून गेली होती.

“ओ” कधी लिहायचं याची मर्यादा ठरवायला दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी पहिल्या-दुसऱ्या उत्तरातलं अंतर आणि पहिल्या उत्तराची स्वतःची जुळणी, दोन्ही कमी असतील तरच “ओ”, असं ठेवलं. नुसतं अंतर बघितलं तर सापेक्ष मेजर-मायनरवाले चांगले ट्रॅकही “ओ” मध्ये जात होते.

८ जुलै

ट्रॅक ४१ वर अडलेय.

मी डी मायनर लिहिलंय, ७ए. दोन्ही वेळा, आठवड्याच्या अंतराने. क, ख, ग आणि स्क्रिप्ट चौघंही ए मायनर, ८ए. पंचमाची चूक, अर्धा गुण, पुढे चला असं म्हणता आलं असतं. पण चौघं एकमताने चुकतात तेव्हा थांबून बघावं लागतं.

स्वर उतरवून काढले. वर ए, सी, ई, जी असा पसरलेला पॅड. खाली बेस डी वर, मधूनच एफला शिवून परत. सुरावटीत बी, आणि तो साधा, कोमल नाही. ट्रॅक कुठेही थांबवला तरी माझ्या तोंडून डी येतो. पण डी मायनरमध्ये बी कोमल हवा. हा डोरियन आहे: विसावा डी वर, स्वर सगळे पांढरे. चौघांनी डबे मोजले, डब्यांत पांढरे स्वर आणि ए, सी, ई भरपूर, उत्तर ए मायनर. मी विसावा ऐकला, उत्तर डी.

दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होतो. गाणं कुठे विसावतं हा एक प्रश्न, त्यात कोणते स्वर आहेत हा दुसरा. साध्या मेजर-मायनरमध्ये पहिल्याचं उत्तर दिलं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं, म्हणून एकच शिक्का पुरतो. इथे पुरत नाही. आणि २४ च्या यादीत डोरियनला जागाच नाही, त्यामुळे कुणी कितीही नीट ऐकलं तरी एका प्रश्नाचं उत्तर चुकणारच.

११ जुलै

भाऊ आला. त्याला काही न सांगता ट्रॅक ४१ दिला, सोबत एक खात्रीचा ७ए आणि एक खात्रीचा ८ए. म्हटलं, दोन्हींबरोबर मिसळून दाखव.

७एबरोबर सुरुवात छान झाली, दोघांचे बेस डी वर मिळाले. मग तिकडून कोमल बी आला आणि इकडून साधा. भावाने चेहरा वाकडा करून फेडर खाली घेतला. ८एबरोबर बेस वेगवेगळ्या स्वरांवर होते, पण कुठेच काही बोचलं नाही, आणि त्याने पूर्ण ३२ बार दोन्ही चालू ठेवले.

“हा ८ए आहे,” तो म्हणाला.

“विसावतो कुठे ते गुणगुणून दाखव.”

त्याने ट्रॅक थांबवला, क्षणभर थांबला, आणि डी गुणगुणला. मग माझ्याकडे बघत राहिला. “मग माझ्या यादीत काय लिहू?”

म्हणजे ज्या उत्तराला मी चूक धरत होते ते त्याच्या कामाला माझ्या उत्तरापेक्षा जास्त उपयोगी होतं. पंचमाच्या सगळ्या चुका आता पुन्हा बघायला हव्यात: किती खऱ्या चुका आणि किती अशा. ३ जूनचे दोन ट्रॅक आजच परत तपासले. ए मायनरवाल्यात एफ साधा आहे, दुसऱ्यात डी साधा. डोरियन नव्हेत. त्या चुकाच होत्या.

१३ जुलै

निकालाच्या फाइलीचं शेवटचं रूप: स्वरसंच, विसावा, पहिलं मिनिट, शेवटचं मिनिट, सेंट, अंतर. पंचमाच्या यादीतले उरलेले ट्रॅक पुढच्या आठवड्यात, दिवसाला दहाच.

डीजे सॉफ्टवेअरमध्ये मात्र पट्टीसाठी एकच रकाना आहे. ट्रॅक ४१ च्या त्या रकान्यात ८ए लिहिलं, आणि शेजारच्या शेऱ्यात: षड्ज डी, बी साधा, ७एबरोबर नको.